न झालेल्या अदलाबदली : जेरी वेस्ट आणि संघबांधणी

व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये विजयाचे श्रेय मैदानावरील पाच खेळाडूंकडे आणि फार तर त्यांच्या प्रशिक्षकाकडे जात असले, तरी ते पाच जण एकाच गणवेशात कसे आले, कोणाच्या बदल्यात आले आणि किती वेतनावर आले, याचा निर्णय संघाच्या कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्याने बऱ्याचदा अनेक वर्षे आधी घेतलेला असतो. अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे एनबीए, या स्पर्धेत या अधिकाऱ्याला जनरल मॅनेजर किंवा सरव्यवस्थापक म्हणतात. काही संघांत त्याच्यावर ‘बास्केटबॉल विभागाचा अध्यक्ष’ असे आणखी एक पद असते. नवे खेळाडू निवडणे, दुसऱ्या संघांशी खेळाडूंची अदलाबदल करणे, करार करणे, प्रशिक्षक नेमणे आणि या सर्वांत संघमालकाच्या उत्साहाला आवर घालणे, हे त्याचे काम. यांपैकी शेवटचे काम नेमणूकपत्रात लिहिलेले नसते, पण अनेकांची कारकीर्द त्यावरच घडली किंवा बिघडली आहे. जेरी वेस्ट यांच्या सुमारे चार दशकांच्या कारकिर्दीत ते विशेष स्पष्ट दिसते.

वेस्ट यांचा जन्म 28 मे 1938 रोजी वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील चेलियन या कोळसाखाणींच्या परिसरातील लहान गावी झाला. विद्यापीठीय खेळाडू म्हणून 1959 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना त्यांचा संघ एका गुणाने हरला. पुढल्या वर्षी रोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि त्याच वर्षी लेकर्स या संघाने त्यांना घेतले, जो संघ नेमका तेव्हाच मिनियापोलिस सोडून लॉस एंजेलिसला आला होता. तेथे 14 हंगाम खेळून त्यांनी सामन्यामागे सरासरी 27 गुण मिळवले, नऊ वेळा संघाला अंतिम मालिकेत नेले आणि त्यांपैकी केवळ एकदा, 1972 मध्ये, विजेतेपद मिळवले. उरलेल्या आठ पराभवांपैकी सहा बॉस्टन सेल्टिक्सकडून झाले. 1969 मध्ये अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार प्रथमच देण्यात आला, तेव्हा तो पराभूत संघातील वेस्ट यांना मिळाला. असे त्यानंतर आजवर पुन्हा घडलेले नाही.

त्यांना पुनःपुन्हा हरवणारा बॉस्टनचा संघ हादेखील कचेरीतील कामगिरीचेच फळ होता. प्रशिक्षक आणि व्यवस्थापक या दोन्ही भूमिका एकट्याने सांभाळणाऱ्या रेड आवरबाख यांनी 1956 मध्ये एड मकॉली हा नामवंत खेळाडू आणि क्लिफ हेगन याच्यावरील हक्क सेंट लुइसच्या संघाला देऊन बिल रसेल या नवोदिताला मिळवण्याची तजवीज केली होती, आणि रसेलने पुढील 13 हंगामांत 11 विजेतेपदे मिळवून दिली. वेस्ट यांनी मैदानावर सोसलेल्या पराभवांचे मूळ अशा रीतीने ते एनबीएत येण्याच्या चार वर्षे आधीच्या एका अदलाबदलीत होते.

1974 मध्ये खेळातून निवृत्त झाल्यावर वेस्ट 1976 ते 1979 या काळात लेकर्सचे प्रशिक्षक होते. त्यांनी 145 सामने जिंकले आणि 101 गमावले, म्हणजे हिशेबाने ते यशस्वीच ठरले; परंतु हे काम त्यांच्या प्रकृतीला मानवले नाही. जी गोष्ट स्वतःला सहज जमत होती ती दुसऱ्याला का जमत नाही, हा मोठ्या खेळाडूंना प्रशिक्षक झाल्यावर छळणारा प्रश्न त्यांनाही छळत होता. त्यानंतरची तीन वर्षे त्यांनी स्काउट म्हणून, म्हणजे देशभर फिरून विद्यापीठांतील खेळाडूंची पारख करणारा माणूस म्हणून घालवली. त्यांच्या जीवनकथांमध्ये या वर्षांचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो, पण पुढील सगळ्या निर्णयांची शिदोरी याच काळात जमा झाली असे मानायला जागा आहे. बिल शर्मन यांच्यानंतर 1982 मध्ये ते सरव्यवस्थापक झाले. 1979 मध्ये जेरी बस यांनी संघ विकत घेतलेला होता आणि करीम अब्दुल-जब्बार व मॅजिक जॉन्सन हे दोन आधारस्तंभ आधीच संघात होते. तेव्हा वेस्ट यांना ओसाड जमिनीवर घर बांधावे लागले नाही, हे नोंदवायला हवे.

येथे ‘ड्राफ्ट’ ही पद्धत समजून घेणे आवश्यक आहे. दरवर्षी व्यावसायिक खेळात येऊ इच्छिणाऱ्या तरुण खेळाडूंमधून संघ क्रमाने एकेक नाव उचलतात, आणि दुर्बल संघांना बळ मिळावे म्हणून मागील हंगामात मागे पडलेल्या संघांना आधी निवड करता येते. ज्याने नाव उचलले त्याच संघाशी खेळाडूने करार करायचा, असा नियम असल्यामुळे निवडीचा हक्क ही स्वतःच एक मालमत्ता बनते. ती खेळाडूंच्या बदल्यात देता-घेता येते, आणि पुढील काही वर्षांचे, अद्याप न आलेले हक्कही असे देता येतात. 1980 मध्ये क्लीव्हलँडच्या संघाने एका अगदी सामान्य अदलाबदलीत आपला 1982 चा पहिल्या फेरीचा हक्क लेकर्सला देऊन टाकला होता. दोन वर्षांनी क्लीव्हलँड रसातळाला गेले आणि त्यांचा हक्क पहिल्या क्रमांकाचा निघाला; परिणामी 1982 चे विजेतेपद नुकतेच पटकावलेल्या लेकर्सला देशातील सर्वांत गुणी नवोदितही मिळाला. त्या अदलाबदलीनंतर क्लीव्हलँडचे मालक झालेले टेड स्टेपियन तर हक्कांची अशी उधळण इतक्या सैलपणे करत की, लागोपाठच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क कोणत्याही संघाने देऊन टाकू नयेत, असा नियम एनबीएला करावा लागला, आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

त्या पहिल्या क्रमांकावर लेकर्सने जेम्स वर्दी याला निवडले. तिसऱ्या क्रमांकावर गेलेल्या डॉमिनिक विल्किन्सने पुढे वर्दीपेक्षा कितीतरी अधिक गुण मिळवले, त्यामुळे केवळ आकडे पाहणाऱ्याला ही निवड चुकलेली वाटू शकते. परंतु ज्या संघात चेंडू जॉन्सनच्या हाती राहणार आणि प्रतिस्पर्धी सावरण्याआधी धावत जाऊन गुण मिळवणे हीच खेळाची रीत, त्या संघाला चेंडूवाचून वेगाने धावणारा आणि मिळालेल्या संधीचे सोने करणारा खेळाडू हवा होता. गुणवत्ता मोजणे आणि गुणवत्तेची सांगड घालणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. 1983 मध्ये वेस्ट यांनी लोकप्रिय असलेल्या नॉर्म निक्सनला सॅन दिएगोला देऊन बायरन स्कॉट या नवोदिताला आणले, त्यामागेही हाच विचार होता. जॉन्सनप्रमाणेच चेंडू हाती ठेवून खेळणारा दुसरा खेळाडू संघात असण्यापेक्षा दुरून अचूक नेम साधणारा कोणी असणे अधिक उपयोगाचे होते. त्या वेळी चाहते आणि सहखेळाडू नाराज झाले. 1985 मध्ये लेकर्सने बॉस्टनला अंतिम मालिकेत हरवले, तेव्हा नाराजी मावळली.

1986 मध्ये लेकर्स अंतिम मालिकेआधीच ह्यूस्टनकडून हरले आणि संघात मोठा बदल करावा असे मालकांना वाटू लागले. त्या काळच्या वृत्तांनुसार वर्दीला डॅलसला देऊन तेथील मार्क अग्वायर हा विपुल गुण मिळवणारा खेळाडू आणि त्यासोबत निवडीचा एक वरचा हक्क घेण्याचा बेत बराच पुढे गेला होता. अग्वायर हा जॉन्सनचा मित्र, गुणांची सरासरी वर्दीहून मोठी, आणि मालक अनुकूल. असे असूनही वेस्ट यांनी विरोध करून हा बेत हाणून पाडला. 1988 च्या अंतिम मालिकेतील सातव्या आणि निर्णायक सामन्यात वर्दीने 36 गुण, 16 रिबाउंड आणि 10 असिस्ट अशी कामगिरी करून विजेतेपद खेचून आणले. रिबाउंड म्हणजे हुकलेल्या नेमानंतर परतलेला चेंडू ताब्यात घेणे, आणि असिस्ट म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळेल असा चेंडू पुरवणे. अर्थात अग्वायरही टाकाऊ नव्हता. 1989 मध्ये तो डेट्रॉइटच्या संघात गेला आणि त्याच वर्षी त्या संघाने अंतिम मालिकेत लेकर्सचाच पराभव केला. अशा निर्णयांचा ताळेबंद कधीच पूर्णपणे एका बाजूला झुकत नाही. तरीही झालेल्या अदलाबदलीची नोंद कायमची राहते, तिच्यावर लेख लिहिले जातात, आणि न झालेल्या अदलाबदलीला खतावणीत जागाच नसते; म्हणून सरव्यवस्थापकाच्या कर्तबगारीचा मोठा भाग हिशेबाबाहेर राहतो.

1987 च्या फेब्रुवारीत वेस्ट यांनी सॅन अँटोनियोकडून मायकल थॉम्पसन या उंच, अनुभवी खेळाडूला आणले. बॉस्टनच्या उंच खेळाडूंशी झुंजायला आणि चाळिशीकडे निघालेल्या अब्दुल-जब्बारला विश्रांती द्यायला तो उपयोगी पडला, आणि 1987 व 1988 अशी लागोपाठ दोन विजेतेपदे लेकर्सने मिळवली. हे थॉम्पसन घराणे वेस्ट यांच्या आयुष्यात पुन्हा येणार होते.

नोव्हेंबर 1991 मध्ये एचआयव्हीची लागण झाल्याचे जाहीर करून जॉन्सन निवृत्त झाला आणि लेकर्सचा उतार सुरू झाला. 1993-94 च्या हंगामात संघाला केवळ 33 विजय मिळाले. याच काळात वेस्ट यांची पारख सर्वांत स्पष्ट दिसते, कारण आता वरच्या क्रमांकाचे हक्क नव्हते आणि खालच्या क्रमांकांवरच काम भागवायचे होते. युगोस्लाव्हियाचा व्लादे दिवाच त्याआधीच, 1989 मध्ये, 26 व्या, निक व्हॅन एक्सेल 1993 मध्ये 37 व्या आणि एडी जोन्स 1994 मध्ये 10 व्या क्रमांकावर त्यांना मिळाला. 1994-95 मध्ये विजयांची संख्या 48 वर गेली आणि वेस्ट यांना वर्षातील सर्वोत्तम व्यवस्थापकाचा पुरस्कार मिळाला.

1996 च्या उन्हाळ्यातील त्यांचे काम समजण्यासाठी वेतनमर्यादेचा, म्हणजे ‘सॅलरी कॅप’चा नियम माहीत हवा. 1984-85 पासून एनबीएने प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चाला मर्यादा घातली. 1996-97 साठी ती सुमारे 2.4 कोटी डॉलर होती. मात्र ही मर्यादा लवचीक आहे. आपल्याच संघातील खेळाडूशी नवा करार करताना संघ ती ओलांडू शकतो, पण करार संपून मोकळ्या झालेल्या दुसऱ्या संघातील मोठ्या खेळाडूला आणायचे असेल, तर मर्यादेच्या आत तेवढी रिकामी जागा असावी लागते. ऑरलँडोचा महाकाय मध्यरक्षक शॅकिल ओनील त्या वर्षी मोकळा होणार होता. ऑरलँडो त्याला कितीही देऊ शकत होते. लेकर्सला मात्र आधी जागा मोकळी करावी लागणार होती, आणि तीही ओनील येईलच याची कोणतीही हमी नसताना.

त्याच वेळी वेस्ट यांची नजर फिलाडेल्फियाजवळच्या एका शाळेतून थेट व्यावसायिक खेळात येऊ पाहणाऱ्या 17 वर्षांच्या कोबी ब्रायंटवर होती. चाचणीसाठी त्याला लेकर्सचे निवृत्त, पण बचावात निष्णात मानले जाणारे मायकल कूपर यांच्याविरुद्ध खेळवण्यात आले, आणि जे पाहायचे ते दिसले म्हणून वेस्ट यांनी ती चाचणी मध्येच थांबवली. ब्रायंटला 13 व्या क्रमांकावर शार्लटने निवडले आणि त्याच्या बदल्यात लेकर्सने दिवाचला देऊ केले. एका नवोदिताच्या हक्कासाठी प्रस्थापित मध्यरक्षक द्यायचा, हा सौदा वरकरणी उफराटा दिसत होता. दिवाचने लॉस एंजेलिस सोडण्यापेक्षा निवृत्त होईन असे बजावले, तेव्हा काही दिवस सगळा बेतच टांगणीला लागला; अखेर तो राजी झाला. त्याचे वेतन खात्यातून गेल्यामुळे जी जागा झाली तीही अपुरी पडत होती, म्हणून अँथनी पीलर आणि जॉर्ज लिंच या दोघांना केवळ दुसऱ्या फेरीच्या हक्कांच्या बदल्यात व्हँकूव्हरला देऊन टाकण्यात आले. जुलैच्या मध्यावर ओनीलने सात वर्षांच्या, सुमारे 12 कोटी डॉलरच्या करारावर सही केली. ब्रायंट अल्पवयीन असल्याने त्याच्या करारावर त्याच्या आईवडिलांनाही सह्या कराव्या लागल्या. त्याच ड्राफ्टमध्ये 24 व्या क्रमांकावर डेरेक फिशर लेकर्सला मिळाला होता, याकडे त्या गदारोळात फारसे कोणी पाहिले नाही.

या डावाचे फळ चार वर्षांनी मिळाले. 1999 मध्ये शिकागोला सहा विजेतेपदे मिळवून देणारे फिल जॅक्सन प्रशिक्षक म्हणून आले आणि 2000, 2001 व 2002 अशी तीन विजेतेपदे लेकर्सने ओळीने जिंकली. त्यांपैकी पहिल्यानंतर, ऑगस्ट 2000 मध्येच, वेस्ट यांनी पद सोडले. महत्त्वाच्या सामन्यांच्या वेळी ते प्रेक्षागारातून निघून जात आणि निकाल लागेपर्यंत मोटार चालवत राहत, ही गोष्ट लेकर्सच्या वर्तुळात सर्वांना ठाऊक होती. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी वडिलांची मारहाण, कोरियाच्या युद्धात मारला गेलेला थोरला भाऊ आणि आयुष्यभर सोबत राहिलेले नैराश्य यांविषयी मोकळेपणाने लिहिले. पराभव त्यांना पोखरत असे आणि विजय दिलासा देत नसे. ज्याचे काम सदैव पुढल्या हंगामाच्या चिंतेचे, त्याच्या व्यवसायाला हा स्वभाव पोषक ठरला असेल. माणसाला तो खचितच पोषक नव्हता.

2002 मध्ये त्यांनी मेम्फिस ग्रिझलीज या, तोवर कधीही प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेरीत, न पोहोचलेल्या संघाची सूत्रे घेतली. हंगामाच्या सुरुवातीलाच लागोपाठ आठ पराभव झाल्यावर त्यांनी 69 वर्षांच्या ह्यूबी ब्राऊन यांना प्रशिक्षक नेमले, ज्यांनी 1986 नंतर एनबीएत प्रशिक्षण केलेले नव्हते. या नेमणुकीची चेष्टा झाली. परंतु 2003-04 मध्ये संघाने 50 सामने जिंकले, ब्राऊन वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले आणि वेस्ट दुसऱ्यांदा सर्वोत्तम व्यवस्थापक.

मेम्फिसच्या नशिबातील मोठा घाव मात्र वेस्ट येण्यापूर्वीच्या एका व्यवहारातून आला. तळाच्या संघांमध्ये पहिले क्रमांक सोडतीने ठरतात. हा संघ व्हँकूव्हरला असताना 1997 मध्ये ओटिस थॉर्प या वयस्क खेळाडूच्या बदल्यात पुढील काळातील एक हक्क डेट्रॉइटला देण्यात आला होता, आणि थॉर्प तेथे एक हंगामही पूर्ण खेळला नाही. 2003 साली तो हक्क देण्याची वेळ आली, तेव्हा करारातील एकच अट मेम्फिसच्या बाजूने उरली होती; पहिला क्रमांक लागला तरच हक्क त्यांच्याकडे राहणार होता. त्या वर्षी पहिल्या क्रमांकाचा खेळाडू लेब्रॉन जेम्स असणार, हे सर्वांना माहीत होते. सोडतीत अखेरीस क्लीव्हलँड आणि मेम्फिस हे दोनच संघ उरले, वेस्ट स्वतः मंचावर होते, आणि मेम्फिसचा क्रमांक दुसरा लागला. जेम्स क्लीव्हलँडला गेला, दुसऱ्या क्रमांकाचा हक्क डेट्रॉइटला गेला, आणि मेम्फिसच्या हाती काहीही आले नाही. पुढे सलग तीन वर्षे संघ प्लेऑफमध्ये पोहोचला, पण तेथील बाराही सामने हरला. 2007 मध्ये, केवळ 22 विजयांच्या हंगामानंतर, वेस्ट बाहेर पडले.

2011 मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सचे नवे मालक जो लेकब आणि पीटर ग्युबर यांनी त्यांना सल्लागार म्हणून आणले. मुंबईत जन्मलेले उद्योजक विवेक रणदिवे हेही तेव्हा या संघाचे एक भागीदार होते. 2013 मध्ये तो हिस्सा सोडून त्यांनी सॅक्रॅमेंटो किंग्ज हा संघ घेतला, ज्याने ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईत, भारतातील पहिल्या एनबीए सामन्यांत, इंडियानाशी दोन लढती दिल्या. त्या वेळी किंग्जचे सरव्यवस्थापक होते ब्रायंटच्या बदल्यात शार्लटला पाठवले गेलेले व्लादे दिवाच, आणि 2018 च्या ड्राफ्टमध्ये लुका डॉन्चिचला वगळून मार्विन बॅग्ली याला निवडल्याबद्दल त्यांच्यावर टीका होत होती.

वॉरियर्समध्ये वेस्ट यांच्या हाती अंतिम अधिकार नव्हता, केवळ शब्दाचे वजन होते. 2011 च्या ड्राफ्टमध्ये संघाने 11 व्या क्रमांकावर क्ले थॉम्पसनला, म्हणजे 1987 मध्ये वेस्ट यांनीच लेकर्समध्ये आणलेल्या मायकल थॉम्पसनच्या मुलाला, निवडले. 2014 मध्ये मिनेसोटाचा केव्हिन लव्ह मिळण्याजोगा झाला. त्याची सरासरी 26 गुणांची आणि 12 रिबाउंडची होती, आणि मिनेसोटाला बदल्यात क्ले हवा होता. संघाच्या व्यवस्थापनात अनेकांचा कल होकाराकडे होता. वेस्ट यांनी आणि नवे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी ठाम विरोध केला, आणि वेस्ट यांनी तर पद सोडण्यापर्यंत ताणले असे सांगितले जाते. त्यांचा मुद्दा 1982 सारखाच होता: क्ले प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम खेळाडूला रोखतो, दुरून नेम साधतो आणि हे सारे चेंडू फार वेळ हाती न ठेवता करतो, त्यामुळे स्टीफन करीच्या शेजारी त्याच्याइतका शोभणारा दुसरा कोणी नाही. लव्ह क्लीव्हलँडला गेला, आणि 2015 मध्ये वॉरियर्सने क्लीव्हलँडलाच हरवून 40 वर्षांनंतर विजेतेपद मिळवले. पुढील वर्षी ओक्लाहोमा सिटीविरुद्ध बाहेर पडण्याच्या बेतात असलेल्या वॉरियर्सला क्लेने एकाच सामन्यात 11 तीन-गुणी नेम साधून वाचवले. त्याच उन्हाळ्यात ओक्लाहोमाचा केव्हिन ड्युरांट वॉरियर्सकडे आला, ज्याचे मन वळवणाऱ्यांत वेस्ट होते, आणि 2017 चे विजेतेपद त्यातून आले.

2017 पासून ते लॉस एंजेलिस क्लिपर्सचे सल्लागार होते, आणि याही वेळी निर्णयाचा अधिकार इतरांकडेच होता. जुलै 2019 मध्ये क्लिपर्सने कवाय लेनर्डशी करार केला. त्याच्या जोडीला पॉल जॉर्ज हवा म्हणून ओक्लाहोमा सिटीला डॅनिलो गॅलिनारी, एक वर्ष खेळलेला शे गिल्जस-अलेक्झांडर, पहिल्या फेरीचे पाच हक्क आणि आणखी दोन वर्षी हक्क बदलून घेण्याची मुभा एवढे सारे दिले. क्लिपर्सला अंतिम मालिका गाठता आली नाही. वेस्ट यांचे 12 जून 2024 रोजी निधन झाले. त्याच वर्षी बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये तिसऱ्यांदा, आणि प्रथमच खेळाडू म्हणून नव्हे तर संघबांधणीतील योगदानासाठी, त्यांचा समावेश झाला. वेस्ट यांच्या निधनानंतर काही आठवड्यांतच जॉर्ज क्लिपर्सला कोणताही मोबदला न मिळता फिलाडेल्फियाला निघून गेला. 2025 मध्ये ओक्लाहोमा सिटीने विजेतेपद जिंकले, गिल्जस-अलेक्झांडर हंगामातील सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्याचा प्रमुख साथीदार जेलेन विल्यम्स हा क्लिपर्सकडून आलेल्या 2022 च्या हक्कातूनच निवडला गेला होता, आणि त्या करारातील 2026 चा हक्क अजून ओक्लाहोमाच्या खात्यात शिल्लक होता.